कोवळ्या उन्हातलं पाणी

मालन खिलारेनं न्हाऊ घातलं नाही असं पोर जांभूळढव गावात शोधायला गेलं, तर ते हमखास मामाच्या गावी जन्मलेलं निघायचं. बाळंतिणीचं अंग चोळायचं, बाळाला पायांवर पालथं घालून न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, दुपट्यात गच्च गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं, हा तिचा धंदा. आधी तो सासूचा होता, सासू थकल्यावर हिच्याकडं आला. गावात गाड्या विजेवर चालायला लागल्या, शेतावर औषध फवारणारे ड्रोन फिरायला लागले, पण बाळाला तेल चोळणारं यंत्र अजून कुणी काढलं नव्हतं. त्यामुळं मालनला उसंत नव्हती. अलीकडं तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पाटावर बसताना ती दरवेळी "आता हे शेवटचंच" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जायची.

तिचे नियम थोडे होते, पण पक्के. त्यातला पहिला पाण्याचा. उजाडलं की तोटीचं पाणी पातेल्यात धरून अंगणात कोवळ्या उन्हात मांडून ठेवायचं. बाळाच्या कढत पाण्यात विसण घालायचं ते त्यातलं, आणि वेखंड, जायफळ, मुरडशेंगेची गुटी उगाळायची तीही त्याच पाण्यात. कोवळं ऊन पोटात गेलं की पोर बाळसं धरतं, असं सासू सांगायची. सासू गुटीपुरतं पाणी आधी उकळून घ्यायची. मालननं ते सोडून दिलं होतं, कारण गावात किरणतोटी आली होती आणि पाणी उकळणारी बाई आता अडाण्यांत जमा होत होती.

किरणतोटीच्या आधी टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर पडायची. पाण्याला दवाखान्याचा वास यायचा आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. मग एकामागून एक दुष्काळ आले, धरणं तळाला गेली, आणि सरकारनं फेरपाणी योजना काढली. पाच-पन्नास गावांचं सांडपाणी एका ठिकाणी आणायचं, गाळायचं, त्यावर अतिनील किरणांचा झोत सोडायचा, मोठ्या उघड्या तळ्यात साठवायचं आणि परत त्याच गावांना पाजायचं. वर आणखी खबरदारी म्हणून घरोघरी तोटीच्या गळ्यात अंगठीसारखं एक कडं बसवलं. पाणी वाहायला लागलं की कड्याच्या आत किरण पेटायचे. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून माणसांच्या समाधानासाठी बाहेर एक जांभळा ठिपका लागायचा. ठिपका लागला की पाणी शुद्ध. पावडर बंद झाली, वास गेला, आणि ज्यांनी आधी "गटाराचं पाणी पाजतात" म्हणून मोर्चा काढला होता तेच लग्नात पाहुण्यांना तोटीखाली ग्लास धरून दाखवायला लागले. असं बरीच वर्षं सुरळीत चाललं.

यंदा मालनच्या स्वतःच्या घरी पाळणा हलला. तिचा मुलगा सार्थक सौरपंप दुरुस्त करायचा, सून ईश्वरी घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची. ईश्वरीला आई नव्हती, त्यामुळं बाळंतपण सासरीच. पोरगी दिवसांआधी झाली आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. आयुष्यभर लोकांची पोरं न्हाऊ घालून झाली, आणि स्वतःची नात मालननं काचेतूनच बघितली. छकुली घरी आली त्या दिवशी मालननं नवं दुपटं धुऊन वाळत घातलं, तेल कोमट केलं, आणि उद्या पहिली आंघोळ घालायची असं ठरवलं.

तो उद्या आलाच नाही. त्याच सकाळी आरोहीचं बाळ गेलं.

आरोही जगदाळे मागच्या आळीतली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मालनच जात होती. गोरंपान पोरगं, न्हाताना रडायचंही नाही. आठवड्यापूर्वी त्याला जुलाब लागले, तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला नेलं, आणि जीपमधून परत आणलं ते कापडात. त्याच्या आगेमागे गावातली आणखी दोन तान्ही पोरं तशीच आजारी पडली होती, ती वाचली. दोघांनाही मालनच न्हाऊ घालायची. हे अजून कुणी तोंडानं म्हणालं नव्हतं, पण मालनला ते येताजाता लोकांच्या नजरेत दिसायला लागलं होतं.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर अल्फिया मुजावर आल्या. माणसं तपासणाऱ्या नव्हेत, पाण्यातले जंतू तपासणाऱ्या डॉक्टर. पन्नाशीच्या, बारीक बांध्याच्या, आणि चार रात्री झोप नसल्यासारखा चेहरा. त्यांनी तिन्ही घरच्या तोट्यांचं पाणी गडद तपकिरी बाटल्यांत घेतलं, बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, पेटी घट्ट बंद केली. निकाल आला तो स्वच्छ. पुन्हा घेतलं, पुन्हा स्वच्छ. मग त्या घरोघरी बसून आयांना विचारायला लागल्या, "अंगावरच्या दुधाशिवाय बाळाला काही दिलं होतं का?"

"नाही," पहिली म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली. आरोहीनं नुसती नाही म्हणून मान हलवली आणि तिच्या सासूनं ठणकावून सांगितलं, "आमच्यात तसलं काही देत नाहीत."

यात कुणी कपटी नव्हतं. सहा महिने दुधाशिवाय काही द्यायचं नाही, हे आरोग्यखात्याच्या आशाताई दर महिन्याला बजावून जायच्या, गुटीचं नाव काढलं की चारचौघांत झापायच्या. म्हणून गाव गुटी द्यायचं आणि दिली नाही म्हणायचं. ते खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगताना कुणाची जीभ अडखळत नसे. मालन तेव्हा आरोहीच्या दारातच उभी होती. तिला तोंड उघडावंसं वाटलं, पण आरोहीच्या सासूकडं बघून तिनं ते मिटून घेतलं.

घरी आल्यावर ती हातपाय धुऊन पाळण्याकडं वळली, तर ईश्वरी मधे आली.

"आई, थोडे दिवस राहू दे. तुम्ही त्या घरी जाऊन आलाय. ही आधीच नाजूक आहे."

आवाज चढला नव्हता, उलट ईश्वरीच्याच डोळ्यांत पाणी होतं. भांडली असती तर मालनला दोन शब्द सुनवता आले असते. आता काय बोलणार? ती "बरं बाई" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसली.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं तिनं पातेलं भरून अंगणात मांडलंच. न जाणो, ईश्वरी म्हणाली, "घाला आंघोळ," तर पाणी नको का तयार? डॉक्टर मुजावर गल्लीतून गाडीकडं निघाल्या होत्या. पातेलं बघून थबकल्या.

"मावशी, हे पाणी उन्हात कशाला?"

"बाळासाठी. कोवळ्या उन्हाचं बरं असतंय."

"तोटीचंच आहे?"

"मग काय नदीचं? नदी कुठं ऱ्हायलीय."

डॉक्टर हसल्या नाहीत. खाली बसून पाण्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दोन काचेच्या बाटल्या मागवल्या, तोटीचं ताजं पाणी दोन्हींत भरलं, एकीला काळं फडकं गुंडाळलं, दुसरी तशीच पातेल्याशेजारी ठेवली. ऊन चढायच्या आत दोन्ही घेऊन गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या त्या सरळ पायरीवरच टेकल्या आणि "मावशी, चहा द्याल का?" म्हणाल्या. मालननं चहा दिला.

"काळ्या फडक्यातली बाटली स्वच्छ निघाली," डॉक्टर म्हणाल्या. "उन्हातली जंतूंनी भरलेली."

"त्ये कसं? पाणी तर एकच."

"एकच. मावशी, हे किरण जंतूंना मारत नाहीत. प्रत्येक जंतूच्या पोटात एक धागा असतो. पोरं कशी काढायची, सगळा वंश त्या धाग्यात लिहिलेला. किरण पडले की धाग्याला गाठी बसतात. जंतू असतो जिवंत, पण त्याची वाढ थांबते, आणि पोटात गेला तरी काही करू शकत नाही. तेवढ्यावर आपलं भागतं. पण काही जंतूंकडं त्या गाठी सोडवायची कला असते. त्यासाठी त्यांना उजेड लागतो. निळसर, सौम्य उजेड. दुपारचं कडक ऊन त्यांना भाजून काढतं. सकाळचं मात्र मानवतं."

"कोवळं ऊन," मालन म्हणाली.

"हो. पूर्वी असे जंतू थोडे होते. पण आपण तेच पाणी फिरवतोय ना. किरण मारायचे, उघड्या तळ्यात उन्हात ठेवायचं, प्यायचं, गटारातून परत आणायचं, पुन्हा किरण. ज्यांना गाठी सोडवता येत नाहीत ते गळाले. ज्यांना येतात तेवढे उरले, वाढले. इतकी वर्षं आपणच त्यांना तालमीत घातलं, मावशी. आता ते इतके तयार झालेत की तासाभराच्या उजेडात उठून बसतात." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "आणि आम्ही शहाणे. नमुना खराब होऊ नये म्हणून गडद बाटलीत, बर्फात, अंधारात न्यायचो. म्हणून दरवेळी स्वच्छ."

पातेलं आज मालननं मांडलं नव्हतं, तरी तिची नजर अंगणातल्या त्याच जागेवर होती.

"तोटीचं पाणी थेट प्याल्यावर मोठ्या माणसाला फारसं काही होत नाही," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "पण एक कोडं सुटत नाही. न्हाताना तोंडात चार थेंब जातात, तेवढ्यानं एवढं व्हायला नको."

"थेंब न्हाई वो मॅडम. पाजलं मी."

"काय पाजलं?"

"गुटी. त्या पाण्यातच उगाळायची. बोंडलंभर."

डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "तिन्ही घरी?"

"समद्या घरी. माझी सासू उकळून घ्यायची. मी म्हटलं, कशाला ग्यास जाळायचा, ठिपका लागतोय की."

आत छकुली रडायला लागली, ईश्वरीनं तिला घेतलं, रडं थांबलं. आरोहीचं पोरगं मालनच्या पायांवर उताणं पडून चोचीच्या बोंडल्यातून गुटी चोखायचं, ते तिला दिसत होतं. हातपाय हलवत, मन लावून चोखायचं ते.

"उद्या ग्रामपंचायतीत बैठक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वरचे साहेब येणार आहेत. त्यांच्याकडं तोट्यांचे निकाल आहेत, स्वच्छ. बाळांच्या आया म्हणतात दुधाशिवाय काही दिलं नाही. मी बाटल्या दाखवल्या तर म्हणतील, छान, समिती नेमू. ती पावसाळ्यानंतर बसेल. तोवर याच तळ्याचं पाणी गावोगाव उन्हात मांडलं जाईल. काय पाजलं आणि कसं पाजलं, हे कुणी उभं राहून सांगितलं तर उकळायचा हुकूम उद्याच काढावा लागेल त्यांना." त्या उठल्या. "मी तुम्हाला सांगा म्हणत नाही. तो अधिकार मला नाही."

दुपारी हे सार्थकच्या कानावर गेलं. तो जेवता जेवता उठला.

"आई, तू अजिबात जायचं नाहीस. योजना त्यांची, जंतू त्यांचे, आणि नाव कुणाचं होईल? तुझं. गाव म्हणेल, मालननं पोर मारलं. गावाला गाठी नि धागे कळणार आहेत का?"

"न्हाई कळायचं."

"मग? आणि ईश्वरीनं हे ऐकलं, तर पोरगी कधी देईल का तुझ्या हातात?"

हे मात्र त्यानं बोलायला नको होतं, आणि ते त्यालाही बोलल्यावर कळलं. मालन पानावर तशीच बसून राहिली. एका नातीसाठी तिनं देवाला काय काय कबूल केलं होतं. गप्प बसलं तर महिन्याभरात सगळं विसरलं जाईल, ईश्वरी निवळेल, छकुली पायांवर येईल. गप्प बसण्यात कसलेच कष्ट नव्हते. सगळं गाव ते रोजच करत होतं.

"दुसऱ्या गावातबी माझ्यासारख्या बाया हायती रे," ती शेवटी म्हणाली. "त्याबी आज पाणी मांडत असतील उन्हात."

बैठकीला हॉल भरला होता. साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवले, तोट्या निर्दोष असल्याचं सांगितलं, बालकांचा आजार अन्य कारणानं संभवतो असं म्हणाले. डॉक्टर मुजावर बाटल्यांबद्दल बोलल्या. साहेबांनी सौजन्यानं मान हलवली आणि सखोल अभ्यासाची गरज व्यक्त केली. तेव्हा मालन गुडघ्यावर हात टेकून उठली.

"साहेब, मी गुटी पाजली पोरांना. तिन्ही. तोटीचं पाणी उन्हात मांडून, न उकळता. त्यातच उगाळली."

आरोहीची सासू ताडकन उभी राहिली. "आमच्या घरी काही दिलेलं नाही!"

"दिलंय वैनी. तुमच्याच सहाणेवर उगाळलं. तुम्हीच जायफळ काढून दिलंत."

हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. मालनला वाटलं होतं आरडाओरडा होईल, तेवढी तिनं तयारी ठेवली होती. या शांततेची नव्हती. आरोही बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती, ती तिच्याकडं बघत होती, आणि त्या नजरेत काय होतं ते मालनला ओळखता आलं नाही. साहेबांच्या शेजारचा माणूस भराभर लिहून घ्यायला लागला. मग मागच्या रांगेतली एक पोरसवदा आई चाचरत म्हणाली, "मीपण देते गुटी." आणि मग दुसरी बोलली, तिसरी बोलली.

संध्याकाळी हुकूम निघाला. त्या तळ्यावरच्या सगळ्या गावांनी पाणी खळखळून उकळावं, उघड्यावर उजेडात ठेवू नये. टाकीत पावडर पुन्हा सुरू झाली, कारण पावडरीचा अंश पाण्यात टिकून राहतो आणि जंतू उठून बसला तरी त्याला गाठतो, जे किरणांना जमत नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला, शेजारच्या दोन गावांत वेळेवर लक्षात आलेली आजारी पोरं बरी झाली म्हणून. मालनला बरं वाटलं. पण हे गावात कुणाला सांगणार?

गावात वास आला होता. चहाला, भाताला, धुतलेल्या तांब्याला पावडरीचा वास, आणि गॅसचा खर्च वाढला तो वेगळाच. "मालनबाईची कृपा," असं गिरणीवर बायका म्हणायच्या, ती आली की गप्प व्हायच्या. फेरपाणी योजनेला कुणी नावं ठेवली नाहीत. योजनेला तोंड नव्हतं. बाळंतिणींच्या घरची बोलावणी थांबली. इतकी वर्षं ती ज्या विश्रांतीची वाट बघत होती ती अशी मिळाली.

घरी ईश्वरी स्वतःच छकुलीला आंघोळ घालायला शिकली. मोबाइल समोर ठेवून, एका हातानं डोकं सावरत, घाबरत घाबरत. मालन उंबऱ्यापाशी बसून सांगायची, "मानेखाली हात घे. कानात पाणी जाऊ देऊ नको. आता पालथी कर." ईश्वरी निमूट ऐकायची. एकदा पोरगी हातातून निसटतेय असं वाटलं आणि मालन अर्धी उठली, पण ईश्वरीनं आपलं आपणच सावरलं, आणि मालन परत खाली बसली. "झालं की नीट," ती म्हणाली. दोघींनीही एकमेकींकडं बघायचं टाळलं.

मग एका सकाळी आरोहीचा फोन आला.

"मावशी, मोकळ्या आहात का?"

"मोकळीच हाय गं."

"मग येता का घरी? सासूबाई देवाला गेल्यात."

बोलणी खायला बोलावलंय, असंच मालनला वाटलं. खायचीच होती कधीतरी. ती पदर खोचून गेली. आरोही मोरीच्या दाराशी उभी होती. चुलीवर मोठ्या भगुल्यात पाणी उकळत होतं, वाटीत तेल काढून ठेवलेलं. मालननं सवयीनं पाळण्याच्या जागेकडं बघितलं. तिथं रिकामा हूक होता.

"माझी आंघोळ राहिलीय, मावशी," आरोही म्हणाली. "अंग नुसतं दगड झालंय. दूध येतंय अजून. कुणाला सांगायचं?"

खरंच, कुणाला सांगायचं? बाळ गेलं की गावाच्या लेखी बाळंतपणही संपतं. शेक नाही, धुरी नाही, डिंकाचा लाडू कुणी हातावर ठेवत नाही. पण अंगाला ते कुठलं कळायला? मालन पाट ओढून बसली. यावेळी तिनं "शेवटचंच" म्हटलं नाही. आरोहीला समोर बसवून तिनं खांद्यांपासून तेल लावायला घेतलं, पाठ चोळली, कंबर चोळली, छातीला हलक्या हातानं कढत फडक्याचा शेक दिला. मधेच आरोही रडायला लागली. मालनही रडत होती, पण तिचे हात थांबले नाहीत.

"सभेत बोललात तेव्हा तुमचा लई राग आला होता," आरोही म्हणाली. "अजूनपण आहे."

"असू दे."

"मॅडमनी विचारलं तेव्हा मीपण नाहीच म्हणाले. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हाला एकटीला उठावं लागलं नसतं."

पाणी विसणून मालननं पहिला तांब्या ओतला. पावडरीच्या वासाची वाफ मोरीभर झाली. थोड्या वेळानं आरोहीनं डोळ्यांवरचे केस मागं सारले.

"छकुली कशी आहे?"

"बरी हाय. बाळसं धराया लागलीय."

"घेतली का तुम्ही?"

"न्हाई."

"अजून नाही?"

"न्हाई गं."

आरोही गुडघ्यांना मिठी मारून पाण्याच्या धारेखाली बसली होती.

"माझा सव्वा महिना व्हायचाय अजून," ती म्हणाली. "तोवर माझ्याकडं येत जावा."

मालननं पाण्यात कोपर बुडवून बघितलं, बाळासाठी बघायची तसं, आणि पुढचा तांब्या आरोहीच्या पाठीवर सोडला.